पाचकोनी घर

मित्रांनो, जिच्यात आजवर कोणी घासभरही जेवले नाही, अशी तांब्याची एक जुनी थाळी मी आहे. माझा तळ जाड, काठ बोटभर उंच आणि पोट सपाट. तांबटाने मला ठोकले, घासले, माझ्यावर पोलादी पट्टी उभी धरून खाली फट दिसते का, हे दहा वेळा पाहिले. तरी काठाजवळ त्याच्या हातोडीचा एक ठोका जरा खोल गेलाच. तो खळगा डोळ्यांना दिसत नसे, बोटाला लागत नसे. तांबटाला तो कळला नाही आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

पुढे मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आले. तेथे एक संशोधक ताई माझ्यात तळ झाकेल इतकेच तेल ओती, त्यात चंदेरी भुकटी मिसळी आणि खालून विजेची शेगडी अगदी सावकाश तापवी. पहिल्या दिवशीचा धक्का मी अजून विसरलेले नाही. आच वाढत होती आणि तेल ढिम्म होते. मला वाटले, आता हे उसळेल, सगळा गोंधळ माजेल. आचेकडून दुसरी कसली अपेक्षा करावी? आणि एका ठराविक अंशाला, कोणी बोटही न लावता, त्या तेलात घरे उभी राहिली! सहा कोनांची, एकमेकांना खेटून, मधाच्या पोळ्यासारखी. प्रत्येक घरात तेल मधून वर येई आणि कडांनी खाली उतरे. मुकादम नाही, आराखडा नाही. मग या थेंबाला शेजारच्या थेंबाचा बेत कळला कसा? मी धातूची खरी, पण थिजून गेले. शेगडी बंद होताच काही क्षणांत ती वसाहत नाहीशी झाली आणि तेल जणू काही घडलेच नाही असे पडून राहिले.

ताईचे म्हणणे असे की, उष्णता वेगाने वाहू लागली की ही रचना आपोआप उपजते. भांड्याचा तिच्याशी काही संबंध नाही. तिच्या सरांना हे मान्य नव्हते. सर भिंतीशी वाद घालतील आणि भिंतीला हरवतील, असे प्रयोगशाळेचे सामान सांभाळणारे काका म्हणत. सरांच्या मते तळावरचे अदृश्य उंचवटे-खळगेच ही घरे पाडत होते. ताईचा प्रबंध नेमका याच मुद्द्यावर उभा होता. तो ढासळला, तर दोन वर्षांचे कष्ट पाण्यात जाणार होते.

ताई विलक्षण काटेकोर. माझ्या काठावर तिने एक लाल ठिपका काढला होता आणि तो रोज खिडकीकडेच असला पाहिजे, असा तिचा दंडक होता. घरांच्या त्या वस्तीत एक घर मात्र नेहमी पाच कोनांचे निघे. तिने आजवर काढलेल्या चाळीसही छायाचित्रांत ते खिडकीच्या बाजूलाच होते, म्हणून खिडकीतल्या गार वाऱ्याला दोष देऊन ताईने ते सोडून दिले होते.

एके सकाळी तेलात घरे उमटली, ताई वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. पाचकोनी घर दाराकडे होते. लाल ठिपकाही दाराकडे होता.

"काका, थाळी फिरवलीत तुम्ही?"

"घासली, पुसली, ठेवली. ठिपका बघायचा राहिला. एवढं काय बिघडलं, ताई?"

"माझा प्रबंध बिघडला."

दोष वाऱ्याचा नव्हता, माझा होता. माझ्या पोटातल्या खळग्याची बातमी मलाही तेव्हाच लागली आणि लाजेने मी शेगडीपेक्षा जास्त तापले असेन. काकांनी दार लोटले आणि आवाज खाली आणला.

"पुन्हा होती तशी ठेवतो. मी कुठं बोलणार नाही, आणि थाळी काय बोलणार?"

ताईने माझ्या लाल ठिपक्यावर एकदा बोट ठेवले. मग ती सरांच्या खोलीत गेली आणि स्वतःला जराही न वाचवता तिने सारे सांगितले.

सर आले. आता हे तुटून पडणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी मला थोडे फिरवून पुन्हा प्रयोग मांडायला सांगितला. मग आणखी थोडे, मग आणखी. दिवसभर माझा भोवरा झाला. दर वेळी पाचकोनी घर ठिपक्याबरोबर सरकले. बाकीची घरे मात्र दर वेळी नव्याच जागी पडली. तरी कोन तेच, आकार तोच आणि उमटण्याचा अंशही तोच. सरांनी चष्मा काढून मेजावर ठेवला. वाद घालायचे सोडून ते छायाचित्रातली घरे मोजू लागले, आणि हा धक्का घरांच्या धक्क्याहून मोठा होता.

"एका घराचा एक कोन मोडायला एक खळगा लागला," अखेर ते म्हणाले. "बाकीच्या दीडशे घरांचे खळगे कुठे आहेत?"

"नाहीत, सर."

"मग दोन वर्षं मी भांडत कशाशी होतो?" त्यांनी पाचकोनी घराचे छायाचित्र हाती घेतले. "हे प्रबंधाच्या पहिल्या पानावर लाव. लपवलं असतंस, तर मी आणखी दहा वर्षं भांडलो असतो."

आज माझ्या जागी काचेची नवी भांडी आली आहेत आणि माझ्यात सुटे स्क्रू पडून असतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे माझ्यासारख्या सगळ्याच सांगतात. माझी विनवणी थोडी निराळी आहे. वस्तू जरूर जपा, पण अधूनमधून ती जागेवरून हलवून, वळवून पाहा. त्यातून जे दिसेल त्याने हादरलात, तरी ते आधी त्यालाच दाखवा, ज्याला तुमचे म्हणणे पटत नाही.