भिंतीच्या पेशी

माझा भाऊ लेफ्तेरिस तेलवाहू जहाजावर असतो. त्यामुळे थेस्सालोनिकीच्या दवाखान्यात इव्हांथियावहिनीबरोबर मीच जायचे. त्या दिवशी डॉक्टर कालिओपी टेबलामागून उठून आमच्याजवळ येऊन बसल्या.

"प्रयोगशाळेत वाढवलेल्या शेवटच्या गर्भाची तपासणी आली," त्या म्हणाल्या. "काही पेशी चांगल्या आहेत, काहींत दोष आहे."

वहिनीनं माझं मनगट धरलं. "म्हणजे मूल सदोष?"

"तेच सांगता येत नाही." त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि आत एका कडेला छोटा पुंजका. "मूल होतं ते या पुंजक्यातून. त्याला आम्ही हात लावत नाही. पेशी घेतल्या त्या बाहेरच्या भिंतीतल्या, ट्रोफोब्लास्टच्या. गर्भाशयात शिरून गर्भ रुजवतात त्या याच, आणि पुढं बाळाला पोसणारी वार होते तीही यांच्यापासूनच. दोष नुसत्या वारेत राहील, किंवा मुलातही असेल."

"मग पुंजकाच का नाही तपासत?"

"त्याला धक्का लागला तर मूलच दुखावेल."

आम्ही बसनं कावालाला परतलो. घरी आई मसुराची आमटी ढवळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "राहू दे गं. आजारी लेकरू झालं तर सांभाळणार कोण? मी काय जन्मभर पुरणार आहे?"

"मग टाकून द्या म्हणून डॉक्टरांना तुम्हीच फोन करा, आई," वहिनी म्हणाली.

आईची पळी भांड्यात फिरतच राहिली.

वहिनीला लेफ्तेरिसचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "तू म्हणशील तसं."

"ते कुणीही म्हणेल. तुला भीती वाटते का, तेवढं सांग."

"वाटते," तो म्हणाला. "जेवण जात नाही."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, मी एकटीच आहे."

तिनं तो गर्भ पोटात ठेवून घेतला.

काही दिवसांनी न्हाणीघरातून वहिनीनं मला हाक मारली. "तासूला, रक्त."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, भिंतीच्या पेशी गर्भाशयात शिरताना थोडं रक्त दिसू शकतं. गर्भ सुटतानाही दिसतं. आज काहीच कळणार नाही.

वहिनी फरशीवर भिंतीला टेकून बसली होती, गुडघे घट्ट जुळवून.

"ऊठ, फरशी गार आहे."

"उठले तर पडेल."

"उठल्यानं पडत नसतं."

"तुला काय माहीत?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. मी गोधडी आणली, दोघींच्या अंगावर घेतली आणि तिच्याशेजारी बसून राहिले. तिचे दात वाजत होते. माझेही.

पुढच्या रक्ततपासणीत दिवस राहिल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, ही तपासणी रक्तात जो रस शोधते, तो त्याच भिंतीच्या पेशी तयार करतात. म्हणजे भिंत जिवंत होती. आतल्याचं काय, ते अजूनही कुणाला ठाऊक नव्हतं. चौथा महिना सरल्यावर पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी तपासायला काढलं. निकाल येईपर्यंत वहिनी पोटावर हात ठेवायची नाही. "लळा लागेल," म्हणायची.

मूल निर्दोष निघालं. त्या दिवशी आई स्वयंपाकघरात दार लावून रडली.

पण वार लहान राहिली. सातव्या महिन्यात मुलीची वाढ थांबली आणि पोट फाडून तिला बाहेर काढावं लागलं. काचेच्या पेटीत ती माझ्या तळहाताएवढीच वाटली. वार तपासायला पाठवली, तेव्हा दोष त्या वारेतच सापडला.

"त्या दुबळ्या भिंतीनं इतके दिवस तग धरला," डॉक्टर म्हणाल्या.

वहिनीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती पेटीच्या भोकातून हात घालून मुलीच्या छातीवर एक बोट ठेवून उभी होती. जहाजावरून धावत आलेला लेफ्तेरिस दारातच थबकला होता.

"आत ये," ती म्हणाली. "हात धुऊन ये मात्र."