दाराबाहेरच्या चपला

त्या घराच्या दाराबाहेर फक्त सहा वर्षांच्या देवयानीचे बूट असायचे. बाकी तिघींच्या चपला आत, पलंगाखाली. दार वाजलं की तिघींनी बाथरूममध्ये दडायचं आणि देवयानीनं उघडायचं, कारण या देशाचे कागद घरात तिच्या एकटीकडेच होते.

सुमित्रा, लतिका आणि मालिनीला वीणाबाईंनी भारतातून इथं अमेरिकेत घरकामाला आणलं होतं. पासपोर्ट कपाटात घातले, पगार कधी दिला नाही, आणि पळालात तर पोलीस उचलतील असं मनावर कोरून ठेवलं. तरी २००१ साली तिघी पळाल्या. सुमित्रा तेव्हा पोटुशी होती. देवयानी जन्मली ती अर्विंग शहरातल्या या दोन खोल्यांत. पोळ्या लाटता लाटता सुमित्रा गुणगुणायची:

लेक माझी मोकळी गं, हिला नाही दावं,
हिच्या पावलांनी मी गं सारं रान पाहावं.

त्या शनिवारी दोन्ही हातांत पिठाच्या पिशव्या घेऊन सुमित्रा आली आणि लहानपणापासूनच्या सवयीनं चपला बाहेरच काढून आत शिरली. कोल्हापुरी, डाव्या अंगठ्यावर लाल दोऱ्याचा टाका. चूक ध्यानात आली तोवर दार वाजलं होतं.

तिघी बाथरूममध्ये दडल्या. दाराच्या फटीतून आवाज आला आणि सुमित्रानं तो लगेच ओळखला. वीणाबाई. बिल्डिंग त्यांना कुणीतरी सांगितली असेल. दार चपलांनी सांगितलं.

आई कुठंय, त्यांनी गोड विचारलं. देवयानीनं पढवलेलं उत्तर दिलं, "शी इज नॉट होम."

"मग या चपला कुणाच्या? तो दोरा माझ्या घरातला आहे, बाळ."

"माझ्या आहेत." देवयानीनं त्यांत इवले पाय सरकवले.

वीणाबाई हसल्या आणि त्यांनी पाऊल आत टाकलं. लतिकानं सुमित्राचा दंड घट्ट आवळला.

"काकू, आत नाही यायचं. टीचरनी सांगितलंय, स्ट्रेंजर घरात आला तर नाइन-वन-वन करायचं. मला येतं."

पोलीस! पोरीच्या तोंडावर हात ठेवायला सुमित्रा निघालीच होती. फोनचं एक बटण वाजलं. मग दुसरं.

आणि जिन्यावरून उंच टाचा खाली धावत गेल्या.

सुमित्रा बाहेर आली. देवयानी तिच्या चपलांत उभी होती. "आई, अजून दोनच दाबलीत."

सुमित्रा रिकाम्या जिन्याकडे बघत राहिली. सहा वर्षं! आणि पळाली कोण, तर बाई.

मागून मालिनी रडवेली होऊन नको नको म्हणत होती. सुमित्रा लेकीशेजारी खाली बसली.

"तिसरं पण दाब," ती म्हणाली. "बोल तू. मी आहे इथंच."