मागून बसवलेला खुबा

मित्रांनो, मी एक जुना, धातूचा कृत्रिम खुबा आहे. कारखान्यात मला आरशासारखं घासलं, तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी मांडीत मानानं फिरेन. मी व्हाल्मा प्रिकेटच्या वाट्याला आलो. वय चौऱ्याऐंशी, लॉन बोल्स म्हणजे खाली वाकून हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ, त्यात ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या आपल्या गावात पहिली. हिरवळीवर चेंडू सोडताना घसरली आणि खुबा मोडला.

तिची मुलगी जनीन खाटेशी उभी राहूनच म्हणाली, "आई, आपली आपण चालायला लागलीस तर घरी. नाहीतर घर विकणार आणि तू वृद्धाश्रमात."

इस्पितळात डॉक्टर दोन. लेडलॉ पुढून चीर देऊन खुबा बसवायचे, बॉइस मागून.

"पुढून गेलं की स्नायू कापावे लागत नाहीत. सांधा सहसा निसटत नाही," लेडलॉ म्हणाले.

"आणि तुला आत काही दिसतही नाही. चाचपडत जातोस आणि मांडीचं हाड फोडतोस," बॉइस म्हणाले.

आज ऑपरेशन, उद्या ऑपरेशन करत व्हाल्माला उपाशी ठेवलेलं. ती म्हणाली, "पुढून घाला नाहीतर मागून घाला, बाबांनो, पण घोटभर चहा द्या."

शेवटी लेडलॉ गोल्फला गेले आणि बॉइसनी मला मागून बसवलं. बजावलं, "फार वाकायचं नाही, निसटेल."

व्हाल्मा चालायला लागली. नर्सा माझं कौतुक करायच्या. शुक्रवारी घरी सोडायचं ठरलं. ते लेडलॉंना झोंबलं. गुरुवारी ते शिकाऊ डॉक्टरांची फौज घेऊन आले, हातात बोल्सचा चेंडू.

"व्हाल्मा, ही पोरं म्हणतात, हा काय खेळ आहे? दाखव जरा."

"आणा इकडे. बाजूला व्हा रे," म्हणत ती पार खाली वाकली. मी टक्कन खोबणीतून बाहेर. चेंडू मात्र अगदी सरळ गेला.

तिच्या किंकाळीवर लेडलॉ शांतपणे म्हणाले, "लिहून घ्या. मागून बसवलं की हे असं होतं."

बॉइसनी ओढून मला जागेवर घातलं. पण मी पुन्हा निसटलो, मग आणखी एकदा. जनीननं घर विकलं. व्हाल्मा वृद्धाश्रमात खुर्चीला खिळली, येईल त्याला विचारायची, "माझ्या फाटकाची कडी लावलीत ना?" दोघा डॉक्टरांनी परिषदेत तिचाच एक्स-रे दाखवला. एक म्हणाले, पद्धत चुकली. दुसरे म्हणाले, म्हातारी चुकली. टाळ्या दोघांनाही पडल्या.

व्हाल्मा तिथेच गेली, आणि आता मी स्मशानातल्या बादलीत आहे. राखेतून वेचलेले आम्ही कितीतरी खुबे इथे आहोत. पुढून कोण गेला, मागून कोण, कुणाला ओळखता येत नाही. मित्रांनो, तुमची आजी पडली तर कुठून कापणार ते जरूर विचारा. पण ती आपल्या घराचं फाटक स्वतः उघडेपर्यंत तिच्याजवळून हलू नका.