नऊ दिवस खोटं बोललेला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. माणसांचं वजन करणारा, लोखंडी, तुमच्या छातीइतका उंच. पायाशी उभं राहायला फळी, वर गोल तबकडी आणि तिच्यावर एक लाल सुई. चाळीस वर्षं मी खरं बोललो. फक्त नऊ दिवस खोटं बोललो, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात माझ्या पोटात जाड स्प्रिंग बसवली, अंगाला हिरवा रंग दिला आणि माझी रवानगी एका दवाखान्यात झाली. तिथे माझा काय रुबाब होता! मुलं माझ्यावर उड्या मारून वजन वाढवू पाहत, मोठी माणसं पोट आत ओढून ते कमी करू पाहत. दोघांचीही डाळ शिजत नसे. पुढे आकडे दाखवणारं काचेचं यंत्र आलं आणि मी जिन्याखाली गेलो. सहा वर्षं माझा उपयोग झाडू टेकवून ठेवायला झाला. वाईट वाटायचं. उगाच कशाला खोटं सांगू?

तिथून मला काटेकाकांनी सोडवलं. काका वजनकाटे दुरुस्त करत, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेकाका म्हणे. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन. मधल्या दारातून दोघांचं दिवसभर बोलणं चाले, म्हणजे बोलत काकू आणि काका "हं" म्हणत. काकांनी मला घासलं, तेल दिलं आणि दाराजवळ मानाची जागा दिली.

काकांचा एक नियम होता. कुठलाही काटा हातात घेतला की दुकानातल्या मांडणीच्या खालच्या फळीवरचं दहा किलोचं लोखंडी वजन त्यावर ठेवायचं. सुईनं दहा दाखवले तर ठीक, नाहीतर दुरुस्ती. गिऱ्हाईक कुरकुरलं की ते म्हणत, "अहो, माल कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो काटा."

गेल्या वर्षी काकांना जिना चढताना धाप लागू लागली. रक्तदाब त्यांना फार पूर्वीपासून होता. पण बरं वाटलं की गोळ्या बंद, हा त्यांचा खाक्या. दुखत काही नसल्यामुळे त्यांनी वर्षानुवर्षं कानाडोळा केला आणि तेवढी वर्षं त्यांच्या हृदयानं जास्तीचं ओझं ओढलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी 'हार्ट फेल्युअर' असं नाव सांगितलं, तेव्हा काकूंनी विचारलं, "म्हणजे हृदय बंद पडलं?"

"फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नव्हे, काकू," बाई म्हणाल्या. "त्याचा रक्त ढकलायचा जोर कमी झालाय. मग अंगात पाणी साचतं. पायात, पोटात, फुफ्फुसात. गोळ्या रोज घ्यायच्या, मीठ कमी करायचं. आणि रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर लगेच फोन करा. पाणी आधी वजनात दिसतं, मग श्वासात."

घरी आल्यावर काका माझ्या तबकडीवर टिचकी मारून म्हणाले, "चला, आता माझीच पाळी."

मित्रांनो, मी किती खूश झालो म्हणून सांगू! रोज सकाळी काका माझ्यावर उभे राहत आणि काकू वहीत लिहीत. बासष्ट. बासष्ट. एकसष्ट आणि अर्धा. दर सोमवारी दवाखान्यातली नर्स फोनवर आकडे विचारी. सहा महिने सगळं सुरळीत चाललं.

मग एका सकाळी माझी सुई त्रेसष्टवर गेली.

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "जेवण तर कमी झालंय माझं. वजन वाढेल कसं? याची स्प्रिंग थकली." खालचं दहा किलोचं वजन उचलायला ते वाकले, पण वाकताच त्यांचा श्वास कोंडला. ते तसेच सरळ झाले, क्षणभर दाराला धरून उभे राहिले आणि माझ्या तबकडीमागची, सुई मागेपुढे करायची चाकी त्यांनी अंदाजानं फिरवली. ज्या माणसानं जन्मात कधी तपासल्याशिवाय चाकीला हात लावला नव्हता, त्यानं! सुई बासष्टवर आली. "लिही गं, बासष्ट."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. शून्यापाशी माझ्या तबकडीत एक खिळी आहे. रिकामा असताना माझी सुई तिला टेकून राहते, त्यामुळे माझ्यात खोट आहे हे पाहणाऱ्याला कळत नसे. मला तोंड नाही. नर्सनं फोनवर बासष्ट ऐकलं आणि ती "छान चाललंय" म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज माझ्या फळीवर माणूस जड होत होता आणि मी मात्र तोच आकडा सांगत होतो.

नवव्या दिवशी काका विजार घेऊन काकूंकडे गेले. "जरा कमरेत सैल कर. कापड आटलंय."

काकूंनी टेप लावली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग खाली बसून त्यांनी काकांच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"अहो, कंबर दोन इंच वाढलीये. आणि वहीत बासष्टच?"

"तुझी टेप जुनी झाली असेल."

"माझ्या टेपेला काय धाड भरलीये? कापड आटतं म्हणता, मग पायही आटले का? दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. माझी टेप, नाहीतर तुमचा काटा."

काकू तरातरा पुढच्या खोलीत आल्या. चाळीस वर्षं नवऱ्याचं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी खालच्या फळीवरचं दहा किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यावर ठेवलं.

माझी सुई सहावर थांबली.

काका दारात उभे होते. चार पावलं चालल्यामुळेच त्यांना धाप लागली होती. सुईवरचा आकडा वाचून ते स्टुलावर बसले. "चार किलो," ते हळूच म्हणाले. "चार किलो मी चाकीत लपवले गं."

काकूंनी बाकी सगळं बाजूला ठेवलं. आधी दवाखान्यात फोन लावला. "आम्ही सांगितलेलं वजन चुकीचं होतं. खरं सहासष्ट आहे. पाय सुजलेत, बोलताना धाप लागतेय." पलीकडून उत्तर आलं, "तासाभरात घेऊन या."

दुकान सहा दिवस बंद राहिलं. मी एकटा दाराकडे बघत उभा होतो. तेव्हा मला जिन्याखालची सहा वर्षं बरी वाटली. तिथे निदान माझ्यामुळे कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं.

सातव्या दिवशी कुलूप वाजलं. काका आपल्या पायांनी आत आले, थोडे वाळलेले, पण पूर्ण वाक्य एका दमात बोलत! माझा जीव भांड्यात पडला. त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. शिरेतून औषध देऊन साचलेलं पाणी काढलं होतं. दुकानात गिऱ्हाईक असताना सारखं लघवीला जावं लागतं, म्हणून काका पाणी उतरवणारी गोळी गुपचूप टाळत होते. शिवाय स्क्रूंच्या खणात खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा होता. काकूंनी तो सापडताच शेजारी देऊन टाकला. गोळीची वेळ डॉक्टरीणबाईंनी दुकान उघडण्याच्या बरीच आधी ठरवून दिली. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी दिली असती, म्हणे.

मग काकांनी माझं काम हाती घेतलं. या वेळी काकूंनी वजन ठेवलं आणि काकांनी चाकी फिरवली. सुई बरोबर दहावर आली. काकांनी चाकीतून बारीक तार ओवली, तिच्या टोकांना शिशाचा मणी लावला आणि चिमट्यानं दाबून त्यावर आपला शिक्का उठवला. तपासलेल्या काट्याला कुणी हात लावू नये म्हणून ते सगळ्यांच्या काट्यांना असाच शिक्का मारत. मग तो चिमटा त्यांनी काकूंच्या हातात दिला.

"हा आजपासून तुझ्याकडे. मी मागितला तरी देऊ नकोस."

"मागून तर बघा," काकू म्हणाल्या आणि तो शिलाई मशीनच्या खणात ठेवून त्यांनी किल्ली फिरवली.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. एवढंच करा. घरात कुणाला रक्तदाब असेल, तर बरं वाटतंय म्हणून त्यांना गोळ्या बंद करू देऊ नका. कुणाचं हृदय थकलं असेल, तर त्यांना रोज सकाळी माझ्यासारख्या कुणावर तरी उभं करा. आकडा आवडला नाही तर काट्याशी भांडू नका, दवाखान्यात फोन करा.

आता रोज सकाळी काकू आधी माझ्यावर ते लोखंडी वजन ठेवतात. दहा. मग काका चढतात. आजही चढले. काकूंनी वही उघडली आणि विचारलं, "काय म्हणतोय तुमचा काटा?"

"एकसष्ट आणि अर्धा," काका म्हणाले. मग माझ्या तबकडीवर टिचकी मारून हसले. "याचं ऐकत जाऊ. खोटं बोलत होता तो माल."