मोटारीचं दावं

"हळद? मोटारीत?" मोटार विकत घ्यायला आलेले उत्तमराव एवढ्या मोठ्यानं हसले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

"हाव. पाणी गळे तिथून." पुंजाजीनं बॉनेटखालच्या पाण्याच्या टाकीवर बोट ठेवलं. "मूठभर हळद टाकली का भोक बुजते. माह्या पोराचा इलाज व्हता. पण आत्ताच सांगून ठेवतो भाऊ, उन्हाळ्यात पुन्हा गळंल. मंग मले बोल लावू नका."

"शेषराव, पाह्य बे!" उत्तमरावांनी सोबत आणलेल्या ड्रायव्हरला कोपरानं ढोसलं. "विकणारा माणूस असं सांगत असते काय कुठं? आन हळद लागलीच हाये म्हंता, मंग काय, आज वरातच घेऊन जातो धाड गावाले!"

पुंजाजी हसला. हसावंच लागलं. पण चहाच्या कपबशा घेऊन आलेली त्याची बायको रुखमाबाई ओट्यावरच थबकली. तिच्या पोराला, निवृत्तीला, वैशाखात हळद लागायची होती, आणि माघातच तो काविळीनं गेला. आता हे धाडच्या माणसाला कुठून माहीत असणार?

तर ही मोटार होती निवृत्तीची. पुंजाजीकडे काय, एक बैलजोडी आणि पोटापुरती जमीन. पण पोरगं बुलढाण्याला एका वकिलाकडे गाडी पुसायला राहिलं, पुसता पुसता चालवायला शिकलं, आणि वकील गाव सोडून गेले तेव्हा ती काळी विलायती मोटार भंगाराच्या भावात याच्या गळ्यात मारून गेले. म्हातारी मोटार हो, अगदी म्हातारी! पण निवृत्तीनं तिला उठवलीच. देऊळघाट गावचे नवरदेव तिच्यात बसले, अडलेल्या बाया तिच्यातून दवाखान्यात गेल्या, बाजाराच्या दिवशी तर माणसं पायरीवर लटकून धाडला जायची. सकाळी हँडल फिरवून तिला चालू करताना पोराच्या हाताला फोड यायचे, म्हणून रुखमाबाईनं आपल्या लुगड्याची चिंधी फाडून त्या लोखंडाला गुंडाळून दिली होती.

निवृत्ती गेला आणि मोटार अंगणात उभी राहिली. मग रुखमाबाईचं एक सुरू झालं. उठली की मोटारीचा पुढचा दरवाजा उघडायचा, आत बघायचं आणि हळूच लावायचा. झोपलेल्याला जाग येऊ नये ना, तसा. बोलणं नाही, रडणं नाही. जेवणही चिमणीएवढं. त्या दरवाजाचा आवाज आला की अंथरुणातच पुंजाजी डोक्यावर गोधडी ओढून घ्यायचा. शेवटी त्यानं ठरवलं, मोटार गेली तरच ही बाई जगेल.

पण मोटार विकायला काढायची म्हणजे काय करायचं, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याला माहीत बैल. म्हणून बाजारात न्यायच्या बैलासारखीच तिची तयारी केली त्यानं! तळ्याचं पाणी आणून धुतली. बैलाच्या खुरांना लावावं तसं टायरांना जवसाचं तेल चोळलं. दिवे राखेनं घासले. कोंबड्यांनी मागच्या सीटवर घरटं केलं होतं ते काढलं. बॅटरी डोक्यावर घेऊन एस.टी.त बसला, तर कंडक्टर म्हणतो, "बोवा, हे दुखणाईत कोन हाये?" बुलढाण्याहून ती भरून आणली. गळतीचं काय करायचं ते पोराला करताना पाहिलं होतं, तेवढी हळद टाकली.

आत घरात चहा झाला, व्यवहार झाला. शेषरावनं बटण दाबलं आणि मोटार खाकरून जागी झाली. रुखमाबाईनं बॉनेटला कुंकू लावलं, पुढच्या चाकांवर पाणी घातलं. पुंजाजी खिडकीत वाकून सांगत होता, "बॅटरी जुनी हाये बरं का भाऊ, लय दिवस नाई धकायची. मंग हँडल मारा लागंल. मागच्या सीटखाली ठेवेल हाये."

"असू द्या, असू द्या," उत्तमराव म्हणाले. सीट उचलून कोण बघतो? धुरळा उडवत गेली मोटार.

आणि खरंच गुण आला! रुखमाबाई त्या आठवड्यात पोटभर जेवली. शेजारच्या सोजराबाईशी वांग्यांवर बोलली. एकदा तर पुंजाजीला म्हणाली, "अवं, सदरा काढा, धुऊन टाकीन." एवढंसं वाक्य, पण तो दिवसभर शेतात तेच आठवत होता.

आणि मग एका दुपारी उत्तमराव परत आले. एस.टी.नं, धुळीनं माखलेल्या पायांनी, लाल डोळ्यांनी.

"हँडल कुठं हाये?"

"मागच्या सीटखाली..."

"सीट फाडून पाह्यली म्या! पोरासाठी पोरगी पाहाले चाललो व्हतो, पोरीकडचे पाव्हणे बसेल, आन भर बाजारात बंद पडली तुही मोटार. बैल जुतून वढत नेली, बैल! सारं धाड हासलं. पाव्हणे उतरून पायी गेले, ते सोयरीक मोडूनच गेले. हळदीचं सांगतलं, मले वाटलं इमानदार हाये. हँडल भंगारात इकलं काय बे?"

अंगणाबाहेर माणसं जमली. तशी मोटार आजूबाजूला दुसरी नव्हती, तिचं हँडल मिळणार कुठं? आणि पुंजाजीला आयुष्यात कोणी खोटा म्हटलं नव्हतं. त्याचा आवाज फाटला. "माह्या घरात तुमचा खिळा नाई भाऊ. मेलेल्या पोराची आण घेऊन सांगतो!"

यावर उत्तमराव थुंकले आणि निघून गेले.

संध्याकाळी बैलाचं दावं तुटलं. जुनं एखादं मिळतं का बघायला पुंजाजी गोठ्याच्या मागच्या भिंतीकडे गेला. आजवर विकलेल्या सगळ्या जनावरांची दावी तिथं खुंटीवर होती. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, घराची बरकत त्याच्याबरोबर जाते म्हणून. त्यानं दोरांच्या मागं हात घातला आणि हाताला थंडगार लोखंड लागलं.

तो तिथंच खाली बसला.

दिवा घेऊन रुखमाबाई आली. त्याच्या मांडीवर हँडल बघून लपवाछपवी नाही की काही नाही. म्हणाली, "तुमी चहा पेत व्हते तवा काढलं."

"काऊन पण?"

"दावं कोनी देते काय?"

"अवं, मोटारीले कुठं दावं असते!"

"मंग हे काय हाये? याच्यानंच तर उठवे तो तिले." तिनं पदर तोंडाशी नेला. "दुपारी म्या शेतात व्हती. आली तं मानसं पांगेल व्हती. काय म्हनत व्हता तो बोवा?"

 पोराच्या नावानं खोटी आण घेतली, हे पुंजाजी तिला कसं सांगणार? "काई नाई," तो म्हणाला. "हँडल पायजे त्याले. त्याच्याबिगर चालू होत नाई."

ती मग खाली बसली, लोखंडावरची चिंधी हळूहळू उलगडली, घडी करून कमरेला खोचली. "दावं हे झालं," म्हणाली. "लोखंड देऊन या."

धाडला तो पोचला तेव्हा बाजार भरलेला. उत्तमराव चार लोकांत, हॉटेलच्या बाकड्यावर. पुंजाजीनं गोणपाटातून हँडल काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

"कुठं सापडलं?"

खरं त्याच्या ओठावर आलं होतं. पण समोर बसलेली तोंडं त्यानं पाहिली. मोटारीचं दावं काढून घेणारी बाई! वर्षभर पुरलं असतं त्यांना हसायला.

"सापडलं नाई," पुंजाजी म्हणाला. "म्याच ठेवलं व्हतं. भंगारात जाईल म्हनून."

"आन पोराची आण घेतली तं?"

"घेतली."

 उत्तमराव उठले, हँडल उचललं आणि एवढंच म्हणाले, "देऊळघाटच्या मानसापाशी पानी बी पेऊ नये बावा." हॉटेलवाल्यानं पुंजाजीसाठी भरलेला पेला परत माठावर ठेवला. मागं उत्तमरावांच्या वाड्याजवळ शेषराव तेच हँडल मोटारीला लावून फिरवत होता. तिचा खाकरण्याचा आवाज आला, पण पुंजाजीनं वळून बघितलं नाही. एस.टी. येईपर्यंत तो रस्त्याच्या पलीकडे, उन्हात, एकटा उभा राहिला. ओळखीची माणसं जवळून गेली. रामराम कोणी घातला नाही.

घरी चूल पेटलेली होती.

"झाली चालू?" रुखमाबाईनं विचारलं.

"झाली. पयल्याच झटक्याले."

"काई बोलले तं नाई तुमाले?"

"बोलतीन कायले? बसवलं बाकड्यावर, चहा पाजला. भजे बी मागवले."

तिचा चेहरा सैल झाला. "चांगली मानसं हायेत मंग," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकर काढता काढता थांबली. "म्हंजे तुमाले आता भूक नसंल."

"नाई तेवढी."

तिनं भाकर मोडली, अर्धी त्याच्या ताटात ठेवली, अर्धी स्वतःला घेतली आणि जेवायला बसली. सकाळपासून उपाशी पुंजाजी ती अर्धी भाकर सावकाश खात राहिला, तिच्या आधी संपू नये म्हणून.