हरताळ न लागलेली ओळ

चैत्रातल्या एका दुपारी यज्ञेश्वरपंत इतके हसले की बोरू बाजूला ठेवून त्यांना डोळे पुसावे लागले.

“शरे, ही तुझी विद्युल्लता काय लिहिते ऐक. ‘चीड: माझं स्वतःचं नाव. पेपरावर ते लिहून होईतो शेजारणीचा पहिला प्रश्न सुटलेला असतो.’”

शरदिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबा, नुसतं उतरवा. टीका नको.”

“टीका कुठे करतोय? वाचल्याशिवाय उतरवू कसं?”

दुर्गाघाटावरच्या त्या माडीत यज्ञेश्वरपंतांनी चाळीस वर्षं पोथ्या उतरवल्या होत्या. छापखान्यांनी हा धंदा कधीच बुडवला. जुन्या यजमानांपैकी कुणी एखादं माहात्म्य लिहून मागे, तेवढंच. पण दर चैत्रात एक काम न चुकता घरी येई. शरदिनी ज्या मुलींच्या शाळेत शिकवायची, तिथे हायस्कूलची परीक्षा देऊन बाहेर पडणाऱ्या मुली निरोपाच्या दिवसासाठी एकेक पान लिहीत. मी काय काय करते, मला कशाची चीड येते आणि माझा पुढचा बेत काय. मराठी मुली मराठीत लिहीत, बाकीच्या हिंदीत. ज्या भाषेत चिडता त्याच भाषेत लिहा, एवढाच नियम. ती सगळी पानं यज्ञेश्वरपंत पोथीच्या आडव्या कागदावर, पोथीच्याच अक्षरात उतरवून देत. मग ती लाल फडक्यात बांधून शाळेच्या कपाटात जात.

“ही बकुळ बघ. ‘पाहुणे गाऊन दाखव म्हणतात आणि मी गाऊ लागले की आपसांत बोलू लागतात, याची चीड.’ बरोबर आहे पोरीचं. अगदी ठीक आहे.” पंतांनी पुढचं पान ओढलं आणि त्यांचं हसू मावळलं. ते हळूहळू वाचू लागले. “‘माझी मावशी बाळंतपणात अडली होती. रामनगरहून नावेतून इकडे आणताना मध्यधारेत गेली. मी डाक्टरीण होऊन रामनगरातच दवाखाना घालीन, म्हणजे कुणाला नदी ओलांडावी लागणार नाही.’” त्यांनी ते पान कपाळाला लावलं. पोथी उघडताना लावत तसंच.

“बाबा, मुलीचा कागद आहे तो.”

“मग? पुराणांत देवांना वर मागतात. ही कुणाकडे काही मागत नाही. करीन म्हणते.”

शेवटचं पान होतं कालिंदीचं. कालिंदी ब्रह्माघाटाजवळच्या भिक्षुकाची मुलगी, गच्चीवर पतंग उडवण्यात पटाईत. तिची चीड अशी, की पतंग ती काटायची आणि गल्लीत नाव भावाचं व्हायचं. पुढचा बेत एकाच ओळीचा होता: ‘विमान चालवीन.’

पंतांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. खाली घाटावर कुणीतरी नाव किनाऱ्याला लावत होतं.

“जन्मभर मी विमानं लिहिली,” ते म्हणाले. “कुबेराचं, गंधर्वांचं. ते चालवणारं कुणी आपल्या गल्लीत राहत असेल असं कधी डोक्यात आलं नाही.” त्यांनी बोरू धुऊन ठेवला. “हे उद्या. आज हात दमलाय, आणि ही ओळ दमल्या हाताने लिहायची नाही. सकाळी सातू कालव माझ्यासाठी.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते स्नान करून आले. ओलं धोतर दांडीवर टाकलं, भिंतीला टेकून बसले ते बसलेच. शरदिनीने सातूचं पीठ कालवून ठेवलं होतं.

माणसं आली, तिरडी बांधली. मणिकर्णिका हाकेच्या अंतरावर. आई जाऊन बारा वर्षं झाली होती, भावंड नव्हतं, आणि शरदिनीच्या लग्नाची चर्चा गल्लीने थकून कधीच सोडून दिली होती. तेराव्याला सगळी जेवून गेली आणि माडीत ती, दौत, बोरू नि हरताळाची वाटी एवढंच उरलं.

शाळेच्या मोठ्या बहेनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, निरोप धाडला होता, यंदा पोथी नसली तरी चालेल. शरदिनीने उलट निरोप धाडला, पोथी होईल.

लहानपणी तिने बोरू धरला होता, पण पोथी कधी लिहिली नव्हती. कालिंदीचं एकच पान, पण त्याला चार दिवस लागले. पोथीत चूक झाली तर खोडत नाहीत. हरताळाचा पिवळा लेप द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि त्यावर शुद्ध अक्षर काढायचं. तिला सात ठिकाणी लेप द्यावा लागला. नुसता हात स्थिर असून चालत नाही, हे तिला तेव्हा कळलं. मन हललं की अक्षर हलतं. ‘पतंग’ लिहिताना बाबा हसले असते असं मनात आलं, तिथे एक लेप. ‘विमान’ लिहिताना दोन.

पोथी बांधण्यापूर्वी आकार जुळवायला जुनी एखादी हवी म्हणून तिने शाळेचं कपाट उघडलं. सगळ्यांत खाली होती ती पहिली, पंधरा वर्षांपूर्वीची. तिच्या स्वतःच्या वर्गाची.

त्या पोथीला तिने पंधरा वर्षांत हात लावला नव्हता. दर वर्षी मुली विचारायच्या, “बाई, तुमची चीड कोणती होती?” आणि ती दर वर्षी सांगायची, “ती पोथी सापडत नाही गं.” कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला असे.

झालं होतं असं. त्या वर्षी ही पानं कोण उतरवणार ते मुलींना ठाऊक नव्हतं. चित्रकलेच्या बाई उतरवतील असं सगळ्या धरून चालल्या होत्या. सोळा वर्षांच्या शरदिनीने मनात होतं ते लिहून टाकलं. पण तेव्हाच्या बहेनजींनी कुठल्याशा देवळात यज्ञेश्वरपंतांचं अक्षर पाहिलं होतं. त्यांनी गठ्ठा थेट दुर्गाघाटावर पाठवला. निरोपाच्या दिवशी पोथी उघडली आणि शरदिनीने ते अक्षर ओळखलं. घरी गेली तर बाबांनी विचारलं, “पोथी आवडली का मुलींना?” ती म्हणाली, “हो.” विषय तिथेच संपला. फक्त त्यानंतर दर वर्षी बाबा पोथी द्यायला शाळेच्या फाटकाशी आले की दोन्ही हात उपरण्यात गुंडाळलेले असत. भर वैशाखातसुद्धा.

आता तिने फडकं सोडलं. इतरांच्या पानांवर पिवळे ठिपके होतेच. बाबासुद्धा चुकत. तिने आपलं पान काढलं.

‘चीड: माझ्या बाबांच्या बोटांची. एक काळं, एक पिवळं, कितीही धुतली तरी तशीच. फाटकाशी येतात तेव्हा ती बोटं कुणाला दिसू नयेत असं मला वाटतं.’

तिने पान खिडकीशी धरलं, तिरपं करून पाहिलं. कुठेही पिवळं नव्हतं. एका काना-मात्रेला कंप नव्हता. ओळी सरळ, समासापासून समासापर्यंत. शब्द गाळला नव्हता, मवाळ केला नव्हता. पुढ्यात जसं असेल तसं उतरवायचं, हा त्यांचा धर्म. पण धर्म पाळतानाही हात हलू शकतो. ‘पतंग’ या तीन अक्षरांवर हललेला हात तिचा स्वतःचा होता. आपल्याच मुलीची ही ओळ तिच्यासाठी देखणी करून लिहिताना त्या माणसाने आपलं मन कुठे ठेवलं होतं? आणि काम झाल्यावर तीच बोटं त्याने उपरण्यात लपवली. तिने पान पोथीत ठेवलं, फडकं पुन्हा बांधलं आणि ती पोथी कपाटात न ठेवता बरोबर घेतली.

निरोपाच्या दिवशी अंगणात जाजमं घातली होती. बकुळ धावत आली.

“बाई, पाहुण्या आल्या! आणि तुमची बोटं बघा. काळी-पिवळी झालीत! लिंबू आणू का? घासून देते.”

शरदिनीने हात पुढे धरून पाहिला. अंगठा काळा, तर्जनी पिवळी.

“राहू दे,” ती म्हणाली.

एकेका मुलीचं पान वाचलं गेलं. नावाच्या गोष्टीला पाहुण्याही हसल्या. रामनगरच्या दवाखान्याचं पान त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. कालिंदीने आपलं पान स्वतः वाचलं, मान ताठ ठेवून. विमानाची ओळ येताच तिच्या भिक्षुक वडिलांनी मागे उभ्या उभ्या डोळ्यांना उपरणं लावलं.

मग नेहमीसारखा गलका झाला. “बाई, तुमचं! तुमची चीड सांगा!”

“सापडली का ती पोथी?” विद्युल्लताने टोमणा मारला. “की हरवलीच कायमची?”

“हरवली नव्हती,” शरदिनी म्हणाली. “मीच दडवली होती.”

तिने लाल फडकं सोडलं आणि आपलं पान मोठ्याने वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. कुणी हसलं नाही. बकुळने एकदा तिच्या बोटांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“हे पान बाबांनीच उतरवलं,” शरदिनी म्हणाली. “एकही चूक न करता. मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पंधरा वर्षं आम्ही एका घरात जेवलो.”

तिने पान कपाळाला लावलं. मग तिची नजर मुलींच्या डोक्यांवरून फाटकाकडे गेली. तिथे कुणी नव्हतं.

“चुकलं माझं, बाबा,” ती म्हणाली. “उपरण्यातून हात बाहेर काढा.”