मढच्या मासळीगाडीला भरलेलं हीव

पहाटे साडेपाचला, मार्व्याच्या अलीकडच्या वळणावर, माझी पुढची दोन्ही चाकं थडथडू लागली. रुडॉल्फच्या हातातलं स्टिअरिंग डावं-उजवं आपटत होतं. वेग तीस मैलांचा होता. त्याने ब्रेक दाबला आणि मी रस्ता सोडून खाजणाच्या चिखलात जाऊन थांबले. मागे बसलेल्या कोळणींपैकी कोणाला लागलं नाही. दोन टोपल्या बोंबील मात्र खाजणात गेले.

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. लढाईच्या दिवसांत बोटीने मुंबईला आले आणि लढाई संपल्यावर लष्कराने मला लिलावात काढलं. मढच्या रुडॉल्फने मला घेतलं. त्याचे वाडवडील मासेमारी करणारे. त्यांच्या घरात होडी होती, मोटार कधीच नव्हती. गेली आठ वर्षं मी मढची मासळी आणि ती विकणाऱ्या बायका रोज मालाडच्या बाजाराला पोचवते. त्या बायकांत प्रेमा नावाच्या कोळणीचा शब्द चालतो. ती गाडीत बसली की बाकीच्या बसतात.

रुडॉल्फने मला फार जपलं. खारा वारा लोखंड खातो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. दर वर्षी पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या की तो मलाही ठोकळ्यांवर चढवायचा आणि होडीच्या तळाला लावून उरलेलं डांबर माझ्या पोटाखाली फासायचा. बोटभर जागा सोडत नसे. त्याची बायको व्हायोलेट म्हणायची, माझ्या टाचांच्या भेगांना कधी एवढं तेल लावलं नाहीस. गावात माझं कौतुक होई. माझ्यासोबत लिलावात विकल्या गेलेल्या गाड्यांचे पत्रे कधीच गळून पडले होते. माझ्या अंगाला गंजाचा ठिपका नव्हता.

त्या पहाटे प्रेमा चिखलात उतरली, पदर खोचला आणि माझ्या चाकाकडे बघत म्हणाली, "रुडॉल्फ, तुझ्या गाडीला हीव भरलंय रे. आधी तिला औषध दे. आम्ही उद्यापासून बैलगाडीने जातो."

बायका गेल्या तर धंदा गेला. घरी आल्यावर रुडॉल्फने व्हायोलेटला सांगितलं, की आठवड्यात गाडी बरी झाली नाही तर कुर्ल्याच्या भंगारवाल्याला देऊन टाकीन. मी अंगणातच उभी होते. ते मी ऐकलं.

आधी त्याने स्वतःच उपाय केले. पुढचे टायर मागे घातले, मागचे पुढे. थरथर कमी झाली आणि दोन दिवसांनी परत आली. मग त्याने स्टिअरिंगचा नट आवळला. आता वळताना त्याचे खांदे दुखू लागले आणि थरथर होती तशीच राहिली. शेवटी व्हायोलेटला शेजारी बसवून, सावकाश, तो मला मालाडला दशरथच्या गॅरेजात घेऊन आला.

दशरथ फटकळ, पण हात लावण्याआधी विचारून घेणारा. थरथर कधी सुरू होते? खड्डा लागला की, रुडॉल्फ म्हणाला. कधी थांबते? वेग उतरवला की. दशरथने जॅक लावून माझं डावं चाक उचललं, वरून आणि खालून धरलं आणि हलवलं. खट् असा आवाज झाला. मग त्याने व्हायोलेटला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. पुन्हा खट्.

"ब्रेक दाबल्यावर चाक हलायचं थांबलं असतं, तर बेअरिंग ढिलं म्हटलं असतं," तो म्हणाला. "हे अजून हलतंय. किंगपिन गेली."

किंगपिन म्हणजे चाक ज्याच्यावर डावी-उजवीकडे वळतं तो जाड खिळा. तो पितळी बुशांत, म्हणजे आखूड नळ्यांत, बसतो आणि त्याला सतत ग्रीस लागतं. ते भरायला बारीक तोंडं असतात. ग्रीसचा पंप घेऊन दशरथ माझ्याखाली सरपटला. तोंडं काही सापडेनात. मग त्याने पेचकसाने खरवडायला सुरुवात केली आणि डांबराचे पापुद्रे त्याच्या छातीवर पडू लागले.

"रुडॉल्फ, तू गाडी घेतलीस का होडी?"

"हसू नको. माझ्या गाडीला कुठे गंज असेल तर दाखव."

"बाहेर नाहीच. आत आहे. होडीत पाणी शिरू नये म्हणून डांबर लावतात, यार. हिच्या आत ग्रीस शिरायला पाहिजे. तू तोंडंच बुजवून टाकलीस."

व्हायोलेटने ब्रेकवरचा पाय काढला आणि हळूच म्हणाली, "म्हणजे लाड करून करून उपाशी ठेवलंस तिला."

जुने खिळे निघता निघेनात. दशरथने ते तापवून, घणाने ठोकून काढले. नवे बुश लेथवर कातून आणले. नवा खिळा अंगठ्याने दाबल्यावर आत जाईल, पण डगडगणार नाही, इतपत ते घासले. रुडॉल्फने आवळलेला स्टिअरिंगचा नट पुन्हा बेताचा केला. मग ग्रीस भरलं. आठ वर्षांत एवढं समाधान मला मिळालं नव्हतं. मार्व्याच्या रस्त्यावर रुडॉल्फने मला तीसवर नेलं, मग पस्तीसवर, मुद्दाम खड्ड्यातून घातलं. स्टिअरिंग त्याच्या दोन बोटांत शांत होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल. त्याला पुसा, रंग द्या, जरूर द्या. पण त्याला तेल कुठून पाजावं लागतं ते आधी शोधा आणि ती जागा उघडी ठेवा. मी अजून पुष्कळ वर्षं धावणार आहे, पण ते डांबराच्या जोरावर नव्हे.

प्रेमाची खात्री अजून पटलेली नाही. सोमवारपासून बायकांच्या टोपल्या माझ्यातून जातात आणि बायका बैलगाडीतून. मासळी आधी पोचते आणि विकणारणींची वाट बघत बसते. आज शुक्रवार. बैलगाडी मघाशी निघून गेली. प्रेमा तिच्यात चढली नाही. माझ्या मागच्या फळीवर हात ठेवून ती रुडॉल्फशी वेगावरून घासाघीस करते आहे, आणि बाकीच्या बायका टोपल्यांपाशी उभ्या राहून ऐकत आहेत. रुडॉल्फ पंचवीस मैलांवर अडला आहे. प्रेमा दहावरून पंधरावर आली आहे.